माकडहाडाचा घटनाक्रम

पिंपरी, रविवार ता. २९, दुपारचे अडीच
(मावशीच्या घड्याळात पावणेतीन, ते माझ्यामुळे मुद्दाम पुढे ठेवलेलं आहे)

आदरणीय अपेक्षाताईस,

बुद्धभूषण ऊर्फ विक्कीचा सविनय जयभीम.

पत्रास कारण की तूच म्हणालीस. तुझी तब्येत बरी असेल, लातूरच्या कोर्टात तुझा आवाज घुमत असेल आणि मोठ्या मावशीचा, म्हणजे तुझ्या आईचा, गुडघा आता जिना चढू देत असेल अशी आशा करतो. इकडे सगळे खुशाल आहेत. नीलामावशी आणि किसनकाका जोडीने खुशाल, शेजारचा बोकासुद्धा खुशाल. मी एकटाच नाही, आणि तेवढ्यासाठीच हे पत्र. गुरुवारी फोनवर तू माझं चाळीस मिनिटं ऐकून घेतलंस त्याबद्दल आभारी आहे. पण मी जेमतेम भोसरीपर्यंत पोचलो होतो (प्रकरण चाकणचं आहे) तेवढ्यात तू म्हणालीस, "विक्की, मी वकील आहे, श्रोता नाही. सगळा घटनाक्रम कागदावर लिही, खाली सही कर आणि पाठव. तारीखवार. आणि फाटे फोडू नकोस." तर लिहायला बसलो आहे. असं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहिलं. खरं म्हणजे मी बसलेलो नाही, उभा आहे. गेले सतरा दिवस मी उभा तरी असतो नाहीतर पालथा तरी, आणि हीच आपली केस आहे.

आता तारीखवार घ्यायचं तर माझ्या नोकऱ्यांपासून घ्यावं लागेल, कारण कोर्ट पहिल्यांदा हेच विचारणार की हा मुलगा करतो काय. ताई, मी आजवर तेरा ठिकाणी काम केलं. ताथवड्याला इंजिनिअरिंग कॉलेजसमोर झेरॉक्सच्या दुकानात होतो (तिथे पोरांच्या जर्नलची चित्रं बघून बघून मी अर्धा इंजिनिअर झालो, पण अर्ध्याला कोण विचारतो). पिंपळे सौदागरला पार्सलं पोचवली. तिथे सगळ्या सोसायट्या सारख्याच दिसतात, त्यामुळे एका बाईंचं मिक्सरचं भांडं दुसऱ्या बाईंकडे महिनाभर चटणी वाटत होतं. चाकणला एका शेडमध्ये अकरा दिवस स्टिकर चिकटवले, त्याबद्दल लिहिण्यासारखं काही नाही. एक नोकरी तर मी सोडली असं म्हणता येणार नाही, नोकरीच तिथे राहिली आणि मी पुढे गेलो. म्हणजे झालं असं की ओळखीच्या एका ट्रकवाल्याबरोबर केबिनमध्ये चहा प्यायला चढलो, गप्पा रंगल्या, आणि उतरलो तेव्हा हुबळी आली होती. हुबळी चांगलं गाव आहे. तिथले पेढे... पण तू फाटे नको म्हणालीस.

तर चौदावी नोकरी. हेवीचं लायसन माझ्याकडे आहे हे तुला माहीत आहे (ते काढतानाची हकिगत वेगळी लिहीन). एका ठेकेदाराने मला कंपनीच्या स्टाफ बसवर ड्रायव्हर म्हणून घ्यायचं कबूल केलं. पिंपरीहून चाकण, चाकणहून पिंपरी, पहिल्या तारखेपासून. फिरायचंच काम, शिवाय त्याचा पगार, म्हणजे माझ्यासाठीच कुणीतरी काढलेली नोकरी बघ. मावशीने त्या दिवशी गोड शिरा केला आणि वाटी माझ्या हातात देताना अट सांगितली. "हे चौदावं. हे सहा महिने टिकवलंस तर हे घर तुझं. नाही टिकवलंस तर गादी गुंडाळायची आणि लातूरची गाडी धरायची." मावशीचं तुला माहीत आहे, ती शिरा आणि धमकी एकाच चमच्याने वाढते. आज एकोणतीस तारीख. पहिली तारीख परवा-तेरवावर आली. आणि चाकण चौकात ट्रॅफिक लागलं की ड्रायव्हर दोन-दोन तास करतो काय? बसतो. ठेकेदाराला मी नम्रपणे विचारलं की उभ्याने चालवली तर चालेल का. तो म्हणाला, असा प्रश्न त्याला आजवर कुणी विचारला नव्हता.

आता मूळ घटना. दिनांक बारा, गुरुवार, सकाळी साडेदहा. मावशीने आदल्या संध्याकाळी बाजारातून तीन पायऱ्यांचं घडीचं लोखंडी स्टूल आणलं. नाव 'अढळ'. खोक्यावर एका हसऱ्या बाईचं चित्र आहे, ती वरच्या पायरीवर उभी राहून पडदा लावते आहे. मावशीची पद्धत अशी की घरात कुठलीही वस्तू आली की तिचं बिल आणि गॅरंटी कार्ड स्वयंपाकघराच्या माळ्यावरच्या बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात जातं. त्या डब्यात लग्नात आलेल्या पंख्याचंही कार्ड आहे. पंखा गेला, कार्ड आहे. तर स्टुलाचं बिल डब्यात ठेवायला मावशी त्याच स्टुलावर चढली. मी खाली स्टूल धरून उभा होतो (एका हाताने, दुसऱ्या हाताबद्दल पुढे लिहीन). मावशीने डबा उघडला, बिल ठेवलं, झाकण लावलं, डबा आत सरकवला, इथपर्यंत सगळं कायदेशीर झालं. मग स्टुलाचा मागचा उजवा पाय असा आत मुडपला, जसा माणूस गुडघ्यात वाकतो. मावशी खाली आली. मी तिच्या खाली आलो. माझ्या खाली फरशी होती, ती जागची हलली नाही. मावशीला खरचटलंसुद्धा नाही. माझं माकडहाड मोडलं. (मावशीचं वजन मी इथे लिहीत नाही. कोर्टाने मागितलंच तर बंद लिफाफ्यात देऊ.) पडल्या पडल्या मी मोठ्याने ओरडलो, "केस करतो! कंपनीवर केस करतो!" हे अख्ख्या कॉलनीने ऐकलं आहे, साक्षीदार हवे तेवढे मिळतील. त्यानंतर लगेच मी एकदम गप्प झालो. ते का, तेही पुढे येईल.

डॉक्टरांनी फोटो काढला, सहा आठवडे बसायचं नाही म्हणून सांगितलं, आणि अगदीच बसावं लागलं तर मधे भोक असलेली गोल उशी घ्या म्हणाले. किसनकाका हे ऐकून खूश झाले. काका बत्तीस वर्षं कंपनीत फिटर होते आणि विकत मिळणाऱ्या वस्तूंवर त्यांचा विश्वास नाही. त्यांनी जुन्या स्कूटरची ट्यूब काढली, तिला मावशीच्या परकराच्या कापडाचं कव्हर शिवून घेतलं, आणि वॉल्व मात्र बाहेर ठेवला, हवा कमीजास्त करता यावी म्हणून. ही ट्यूब घेऊन, म्हणजे मी ट्यूब घेऊन आणि काका सायकलचा पंप घेऊन, आम्ही सोळा तारखेला कोर्टाबाहेर टेबल लावून बसणाऱ्या एका वकिलांकडे गेलो. (तुझ्याकडे आधी यायला हवं होतं हे मान्य. पण लातूर लांब आणि ते उभ्याने.)

ताई, कायद्याची पहिली पायरी म्हणजे "बसा". हे मला त्या दिवशी कळलं. वकील म्हणाले बसा. मी म्हटलं नको. ते म्हणाले, अहो बसा, बसायचे पैसे लागत नाहीत. मी नको म्हटल्यावर त्यांना वाटलं मी आधीच्या कुठल्यातरी केसवरून चिडून आलो आहे. शेवटी मी ट्यूब खुर्चीवर ठेवली, हळूच टेकलो, तर हवा कमी. लगेच काकांनी मागून पंप लावला. प्रत्येक दट्ट्याला मी वकिलांच्या टेबलापुढे दोन बोटं वर वर येत होतो. प्रतिज्ञापत्रं करायला आलेली चार माणसं आपली कामं सोडून बघत उभी राहिली. वकिलांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला आणि विचारलं, बिल आहे का? आहे, माळ्यावर. मग काढा. कसं काढणार, माळ्यावर चढायला स्टूल लागतं. मग स्टूल? मोडलंय, म्हणून तर आलो. इथे त्यांनी चष्मा पुन्हा काढला. मग विचारलं, स्टुलावर तुम्ही होता का? मी म्हटलं, नाही, मावशी. मावशींना लागलं का? नाही, त्या माझ्यावर पडल्या. "मग स्टुलाने तुम्हाला काय केलं? तुम्हाला तर मावशींनी मोडलंय. केस मावशींवर होईल." मी काकांकडे पाहिलं. काकांच्या तोंडावर, गेल्या कित्येक दिवसांत पाहिला नव्हता असा, आनंद होता.

मग त्यांनाच दया आली. म्हणाले, थट्टा केली, केस कंपनीवर होते, ग्राहक आयोगात जाता येईल, पण दोन गोष्टी लक्षात ठेवा. एक म्हणजे बिल. आणि दुसरी, स्टूल आहे त्या अवस्थेत तसंच ठेवा, एका स्क्रूलाही हात लावू नका, तोच तुमचा पुरावा. काकांनी मान डोलावली. ती मान मी पाहिली आहे.

आता ताई, तू वकील आहेस, पण तू कॉलनीत राहिलेली नाहीस. इथे प्रत्येक घरात एक तरी फिटर, टर्नर नाहीतर वेल्डर आहे आणि मोडकी वस्तू बघितली की ह्या माणसांच्या हाताला खाज सुटते. स्टूल गॅलरीत जुन्या चादरीखाली झाकून ठेवलं होतं. पहिल्या दिवशी काका त्याच्याभोवती नुसते फिरले. दुसऱ्या दिवशी चादर उचलून बघितलं आणि च्यक च्यक केलं. तिसऱ्या दिवशी मी पालथा पडून रेडिओ ऐकत होतो तर ग्राइंडरचा आवाज आला. रेडिओ टाकून धावत गेलो, पण तोवर पुराव्याचं वेल्डिंग पूर्ण झालं होतं. आणि नुसतं जोडलं नाही, चारी पाय चारी बाजूंनी पक्के केले, आडवी पट्टी वाढवली, खाली रबरी टोप्या बसवल्या आणि वरून गंज लागू नये म्हणून लाल ऑक्साइड मारलं. मी म्हटलं, "काका, पुरावा!" काका म्हणाले, "पुरावा मोडकाच द्यायचा असं कुठं लिहिलंय? चांगला करून दिला तर साहेबालाही बरं वाटेल. आणि किसनच्या दारात मोडकं स्टूल पडलंय म्हणून सोपानराव हसून गेला, त्याचं काय?" मात्र काका अगदीच बेसावध नाहीत हे कोर्टाला सांग. वेल्डिंगच्या आधी त्यांनी मोडक्या पायाचं तिन्ही बाजूंनी ड्रॉइंग काढलं आहे, मापांसकट. मोडलेला तुकडा कापून काडेपेटीत ठेवला आहे. आणि खालच्या बाजूचा 'ओके' लिहिलेला कंपनीचा स्टिकर वाफेवर अलगद सोडवून कॅलेंडरच्या मागे चिकटवून ठेवला आहे.

ह्या स्टिकरनेच पुढचा घोळ झाला. सोपानराव म्हणजे काकांचे कंपनीतले दोस्त, ताथवड्याचे जुने शेतकरी. शेतं जाऊन तिथे टॉवर झाले तरी ते पाचला उठून अंगणभर फिरतात. कंपनीत तीस वर्षं इन्स्पेक्शनला होते. ते चोवीस तारखेला आले आणि दोघांनी चहा पिता पिता माझ्या अपघाताचं व्हाय-व्हाय केलं. (कारखान्यात काही बिघडलं की पाच वेळा 'का' विचारतात आणि पाचव्या 'का'ला खरा गुन्हेगार सापडतो.) विक्कीचं हाड का मोडलं? अंगावर नीला पडली. नीला का पडली? पाय मुडपला. पाय का मुडपला? वेल्डिंगचा एकच टाका मारून सोडून दिला होता. असला माल बाहेर का आला? तपासणीत सुटला. तपासणीत का सुटला? इथे सोपानरावांनी कॅलेंडर उलटं केलं, चष्मा कपाळावर चढवला आणि स्टिकर वाचला. "ओके. खाली नंबर हाय. सदतीस. किसन, आता ह्यो सदतीस कोन, त्यो हुडकायचा. हितं आनायचा, ह्याच स्टुलावर उभा करायचा अन् म्हनायचं, लाव लेका शिक्का." मला त्या क्षणी एकदम कळ आली आणि मी बाहेर जाऊन भिंतीला टेकून उभा राहिलो. खोक्यावर चाकणच्या एका शेडचा पत्ता आहे, उद्या सोमवारी दोघं तिथे जाणार आहेत. मला बरोबर चल म्हणतात. मी म्हटलं, मला बसवत नाही. काका म्हणाले, बसमध्ये तरी कुठे बसायला मिळतं.

असा एकूण घटनाक्रम आहे. तू कंपनीला एक कडक नोटीस पाठवावीस, कायद्याच्या भाषेत, ज्याने त्यांना घाम फुटेल आणि ठेकेदाराला दाखवली तर त्यालाही वाटेल की हा मुलगा कुणीतरी आहे, ह्याची जागा सहा आठवडे राखून ठेवावी. बाकी काही मागणं नाही. मोठ्या मावशीला नमस्कार, घरातल्या लहानांना माझी आठवण सांग. चुकलं-माकलं पोटात घाल.

तुझाच,
विक्की (सही: बुद्धभूषण)

ता. क. कधी इकडे आलीस तर आपल्या लातूरकडच्या निलंगा राईसचा मसाला आणशील का? इथे मी सगळ्यांना त्याचं वर्णन करून ठेवलं आहे आणि आता लोक मागायला लागले आहेत.

ता. क. २. पाकीट चिकटवणार होतो, पण दोन ठिकाणी 'पुढे लिहीन' असं लिहिलं आहे आणि तू ते पकडशीलच. एक म्हणजे दुसरा हात. त्यात मोबाइल होता. मावशी वरून दोनदा म्हणाली होती, दोन्ही हातांनी धर. एक माणूस नारळ डोक्याने फोडत होता, ते बघत होतो. दुसरं म्हणजे मी गप्प का झालो. मी फरशीवर, मावशी माझ्यावर, आणि स्टूल आडवं होऊन त्याची खालची बाजू बरोबर माझ्या नाकासमोर आली. तिथे स्टिकर होता. ताई, चाकणच्या त्या शेडमध्ये, अकरा दिवस, मी जे स्टिकर चिकटवले ते 'ओके'चे होते आणि ते स्टुलांना चिकटवले. तिथे नाव कुणी विचारलं नव्हतं, फक्त नंबर दिला होता. सदतीस मीच. सुपरवायझर सकाळी स्टिकरचं रीळ हातात द्यायचा आणि म्हणायचा, चहाच्या आधी संपव. मी हुशार, चहाच्या अर्धा तास आधीच संपवायचो. तेव्हा खरी विनंती अशी की ह्या पानाचा फोटो मोबाइलवर पाठवतो, तो बघून आजच काकांना फोन कर आणि तुझ्या कोर्टाच्या आवाजात सांग की तपासणाऱ्याचं नाव विचारणं कायद्याने गुन्हा आहे. नसेल तर कर.

ता. क. ३. वरचं रद्द. फोन करू नकोस. मी आत्ताच गॅलरीत जाऊन काकांना सांगून आलो. का सांगितलं कोण जाणे, ते उद्याच्या प्रवासासाठी माझ्या ट्यूबमध्ये हवा भरत होते आणि पंपाचा आवाज ऐकवेना. काका हवा भरतच राहिले. मग विचारलं, अकरा दिवसांत किती स्टुलं? मी म्हटलं, मोजली नाहीत. "तेवढ्या घरांत तेवढ्या मावश्या," काका म्हणाले, "आणि खाली धरायला सगळीकडे तू नसणार." मग त्यांनी ते वेल्डिंग केलेलं स्टूल आतून आणून माझ्यापुढे ठेवलं आणि एक-एक जोड बोटाने चाचपायला लावला, पायरी दाबून बघायला लावली, घडी घालून उघडायला लावली. एका स्टुलाला अर्धा तास लागला. ताई, त्या शेडमध्ये मी एकही स्टूल उघडून बघितलं नव्हतं.

तर आता नोटीस बदल. माझ्या माकडहाडाचं खाली कुठेतरी बारीक अक्षरांत घाल. वर असं लिही की त्या वेळची सगळी स्टुलं कंपनीने घराघरांतून परत बोलवावीत. साक्षीदार मी. रिळाचं, चहाचं, एका टाक्याचं सगळं सांगतो. शिवाय साक्षीदाराला कोर्टात उभंच राहायचं असतं ना? मग अडचणच नाही, मी संध्याकाळपर्यंत साक्ष देईन. ठेकेदाराकडे मी उद्या स्वतः जाऊन खरं सांगतो, मग त्याला जे करायचं ते करू दे. फक्त मावशीला सांगायचं तेवढं तुझ्याकडे. माझी गादी अजून अंथरलेली आहे आणि मला ती बघवत नाही.

ता. क. ४. हे भिंतीला कागद लावून लिहितोय, अक्षर वाकडं आहे. इतका वेळ ज्याच्यावर कागद ठेवून लिहीत होतो ते स्टूलच होतं (वरची पायरी बरोबर उभ्याने लिहायच्या उंचीला येते, पुरावा म्हणून फार सोयीचं आहे). आत्ता मावशी आली आणि म्हणाली, कागद उचल, बिल काढायचंय, वकिलाला लागेल. मी म्हटलं, थांब, काका चढतील. ती ऐकते होय? पदर खोचला, पहिल्या पायरीवर पाय ठेवला, आणि माळ्याकडे बघतच म्हणाली, "गॅलरीतलं स्वयंपाकघरात ऐकू येतं. ओ सदतीस नंबर, दोन्ही हात लावा."

पेन ठेवतो.